बर्था बेंझ : ब्रेकला चामडं लावणारी बाई

मेकॅनिकलच्या पोरांना व्हायवात हमखास येणारा प्रश्न म्हणजे पहिली मोटारगाडी कोणी बनवली? उत्तर सगळ्यांना पाठ असतं. कार्ल बेंझ, १८८६, जर्मनी. पण ती गाडी लांबच्या रस्त्यावर पहिल्यांदा कोणी नेली, आणि उतारावर ती थांबेना तेव्हा ब्रेकचा इलाज कोणी केला, हे कुणी विचारत नाही. त्याचं उत्तर आहे बर्था बेंझ. कार्लची बायको. ती इंजिनिअर नव्हती. होणार तरी कशी? तिच्या तरुणपणी तिच्या मुलखात बायकांना विद्यापीठाचं दारच उघडं नव्हतं. तरीसुद्धा आज गाडीत जो ‘इमर्जन्सी ब्रेक असिस्ट’ असतो, त्याच्या मुळाशी गेलं की ही बाई भेटतेच.

आता मी हिच्यावरच का लिहितोय? तर मी धारूरचा. किल्ले धारूर, जिल्हा बीड. बालाघाटाच्या डोंगरावरचं गाव. वर्गात धारूर म्हटलं की कुणाला किल्ला आठवतो, कुणाला सीताफळ. पण गावातल्या माणसाला आधी आठवतो तो घाट. धारूरहून तेलगावकडे उतरताना लागणारा हा घाट अरुंद आहे आणि वळणं अशी, की समोरून गाडी येतेय हे ती अंगावर आल्यावरच कळतं. ऊसतोडीचा हंगाम लागला की याच रस्त्यावर उसाने भरलेले ट्रक, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, आणि संसार डोक्यावर घेऊन पट्ट्याला निघालेली माणसं. पेपरात ‘ब्रेक निकामी झाल्याने’ अशी बातमी आली की आमच्याकडे कुणी पुढचं वाचत नाही, आधी घरी फोन लावतात. मशीन डिझाईनच्या पुस्तकात ब्रेकचं चॅप्टर आहे ते मार्कांसाठी. आमच्या घाटात त्याच चॅप्टरवर माणसाचा जीव टांगलेला असतो. म्हणून अंकासाठी लेख मागितला तेव्हा मला दुसरं कुणी सुचलंच नाही.

असो. गोष्टीकडे वळू.

बर्था रिंगर हिचा जन्म ३ मे १८४९ रोजी जर्मनीतल्या बाडेन संस्थानातल्या फोर्झहाइम या गावी झाला. वडील बांधकामाच्या धंद्यातले, खाऊन-पिऊन सुखी. घरात आधीच मुली होत्या. असं सांगतात की बर्था जन्मली तेव्हा घरच्या बायबलमध्ये नोंद करताना वडिलांनी पुन्हा मुलगीच झाली म्हणून खंत लिहून ठेवली. पुढे ती नोंद तिच्या वाचनात आली. आपल्या बीड जिल्ह्यातल्या मुलींना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायची गरज नाही. पण या मुलीने त्याचा राग मनात धरून रडत बसण्यापेक्षा वेगळंच केलं. तिला यंत्रं आवडायची. आगगाडीचं इंजिन कसं चालतं असले प्रश्न ती विचारायची, आणि वडीलही उत्तर द्यायचे.

अशात तिची ओळख कार्ल बेंझशी झाली. कार्ल म्हणजे आपल्यासारखाच, कार्ल्सरूहच्या पॉलिटेक्निकमधून शिकून बाहेर पडलेला, डोक्यात एकच खूळ : घोड्याशिवाय चालणारी गाडी. खिशात दमडी नाही. बाप रेल्वेत इंजिन चालवायचा, तो कार्ल लहान असतानाच वारलेला. १८७१ मध्ये कार्लने मॅनहाइम शहरात ऑगस्ट रिटर नावाच्या भागीदाराबरोबर छोटं वर्कशॉप काढलं. भागीदार काही भरवशाचा निघाला नाही आणि वर्कशॉप बुडायच्या बेताला आलं. तेव्हा बर्थाने काय केलं, तर लग्नात आपल्याला मिळणारी रक्कम लग्नाच्या आधीच वडिलांकडून मागून घेतली, आणि त्या पैशातून भागीदाराचा हिस्सा विकत घेतला.

हुंडा म्हटलं की आपल्या अंगावर काटा येतो आणि यायलाच पाहिजे. पण इथे कुणी मागितलेला पैसा नव्हता. मुलीने स्वतः ठरवून कुठे घालायचा ते निवडलं होतं. आजच्या भाषेत बोलायचं तर मोटारगाडीच्या धंद्यातली ती पहिली इन्व्हेस्टर. २० जुलै १८७२ रोजी दोघांचं लग्न झालं.

लग्नानंतरची वर्षं हलाखीत गेली. मुलं झाली, कर्ज झालं, एकदा तर वर्कशॉपमधली हत्यारंसुद्धा जप्तीत गेली. १८७९ सालच्या शेवटच्या रात्री कार्लचं टू-स्ट्रोक इंजिन पहिल्यांदा नीट चाललं, तेव्हा ती शेजारी उभी होती. पुढे कंपनी निघाली, थोडे पैसे आले, आणि २९ जानेवारी १८८६ रोजी कार्लने गाडीच्या पेटंटचा अर्ज केला. पेटंट क्रमांक ३७४३५. तीन चाकं, मागे आडवं बसवलेलं एक सिलिंडरचं इंजिन, ताकद एक हॉर्सपॉवरसुद्धा नाही. त्याच वर्षी जुलैत ती मॅनहाइमच्या रस्त्यावर लोकांसमोर धावली.

धावली खरी, पण घेणार कोण? लोक बघायचे, हसायचे आणि घरी जायचे. कुणाला ती भुताटकी वाटायची, कुणाला खेळणं. आणि कार्लचा स्वभाव असा, की अजून थोडं सुधारू, मग दाखवू. आपल्या होस्टेलवरही असे असतात. प्रोजेक्ट पूर्ण होऊन महिना झाला तरी सबमिशन करत नाहीत, कारण अजून फिनिशिंग बाकी आहे. कार्ल गाडी वर्कशॉपच्या आसपास फिरवायचा. लांब नेली आणि बंद पडली तर लोक काय म्हणतील, ही धास्ती.

बर्थाने ओळखलं की ही गाडी कागदावर कितीही चांगली असली तरी रस्त्याने पास केल्याशिवाय कुणी विश्वास ठेवणार नाही.

१८८८ च्या ऑगस्टमधली एक पहाट. मुलांना शाळेची सुट्टी होती. थोरला ऑयगेन पंधरा वर्षांचा, धाकटा रिशार्ड तेरा वर्षांचा. नवरा झोपलेला असताना या तिघांनी गाडी बाहेर काढली. आवाजाने जाग येऊ नये म्हणून आधी ढकलत लांब नेली आणि मग चालू केली, असं सांगतात. ठिकाण होतं फोर्झहाइम, म्हणजे तिचं माहेर. अंतर सुमारे १०४ किलोमीटर. त्याआधी कुणीही मोटारगाडीने एवढा प्रवास केलेला नव्हता. रस्ता म्हणजे बैलगाड्या-घोडागाड्यांच्या चाकोऱ्या. पाट्या नाहीत, पंप नाहीत, गॅरेज नाही. आपण ट्रिपला निघताना दोन गुगल मॅप आणि एक पॉवर बँक घेऊन निघतो, आणि तरी रस्ता चुकतो.

इंधन संपत आलं. त्या काळात लिग्रॉइन नावाचं पेट्रोलसारखं द्रव डाग काढायला वापरत आणि ते औषधाच्या दुकानात मिळे. विसलोख गावच्या औषधवाल्याकडून तिने ते घेतलं. ते दुकान आज जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून ओळखलं जातं. पाणीही सारखं लागायचं. इंजिन थंड ठेवायला पाणी उकळून वाफ होऊन जायचं, आताच्यासारखा रेडिएटर नव्हता. मग दिसेल त्या विहिरीवर, ओढ्यावर थांबा.

इंधनाची नळी तुंबली. तिने टोपीची लांब पिन काढली आणि नळी साफ केली. इग्निशनची वायर घासून उघडी पडली. तिने मोज्याचा बंद काढून वायरीला गुंडाळला, म्हणजे आपल्या भाषेत इन्सुलेशन केलं. साखळी ढिली झाली तेव्हा वाटेतल्या लोहाराला गाठलं. चढ आला की दोन्ही पोरं खाली उतरायची आणि गाडी ढकलायची. इंजिनात दम नव्हता, आणि चढासाठी पुरेसा खालचा गिअरही नव्हता.

पण मला या प्रवासात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो उतार.

चढावर गाडी थांबली तर लाज जाते, उतारावर थांबली नाही तर जीव जातो. या गाडीचा ब्रेक म्हणजे हाताने ओढायचा एक दांडा. तो ओढला की मागच्या बाजूला लाकडी ठोकळे घासायचे आणि गाडी हळू व्हायची. मॅनहाइमच्या सपाट रस्त्यावर तेवढं पुरत होतं. डोंगराळ भागात उतार एकामागून एक यायला लागले तसे ठोकळे झिजले, आणि दांडा कितीही ओढला तरी पकड येईना. गाडीत स्वतः बाई आणि तिची दोन पोरं. बाउश्लॉट नावाच्या गावात तिने एका मोच्याला बोलावलं आणि त्या ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. बस्स. हे जगातलं पहिलं ब्रेक लायनर मानलं जातं.

बघायला गेलं तर फार साधी गोष्ट. पण विचार करा, तिने काय केलं. ब्रेकचा सांगाडा एकाने करायचा आणि घासायचा भाग वेगळा, बदलता येण्याजोगा, जास्त पकड असणारा लावायचा. आजही प्रत्येक गाडीत हेच आहे. ड्रमच्या आत शू असतो आणि शूवर लायनर. डिस्कवर पॅड. झिजला की तेवढाच बदलायचा. पुढे काही वर्षांनी इंग्लंडमधल्या डोंगराळ डर्बिशायरमध्ये हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसाने गाडीवाले उतारावर ठोकळ्याला जुने बूट ठोकतात हे बघून १८९७ साली लायनरचा धंदाच सुरू केला. घाट जर्मनीतला असो, इंग्लंडमधला असो की बालाघाटातला, अडचण तीच आणि डोकंही त्याच दिशेने चालतं.

संध्याकाळी तिघं फोर्झहाइमला पोचली. बर्थाने नवऱ्याला तार केली की सुखरूप पोचलो. काही दिवसांनी दुसऱ्या वाटेने ती गाडी चालवतच परत आली.

परत आल्यावर तिने कार्लला नुसतं कौतुक सांगितलं नाही, तर दुरुस्त्या सांगितल्या. त्यातल्या दोन लक्षात ठेवा. एक, ब्रेकला नीट लायनर हवं. दोन, डोंगरासाठी आणखी एक खालचा गिअर हवा. या दोन्ही गोष्टी ड्रॉइंग बोर्डवर बसून कुणाला सुचल्या नव्हत्या. कार्ल हुशार होता यात वाद नाही. पण तो ज्या रस्त्यावर गाडी चालवत होता त्या रस्त्यावर उतारच नव्हता.

त्याच वर्षी म्युनिकच्या प्रदर्शनात गाडीला सुवर्णपदक मिळालं. हळूहळू गिऱ्हाईक यायला लागलं, आणि १९०० च्या सुमारास बेंझची कंपनी जगातली सगळ्यात मोठी मोटार बनवणारी कंपनी झाली होती. पण दिवस सारखे राहत नाहीत. कंपनीतल्या इतरांशी पटेना म्हणून १९०३ मध्ये कार्ल रोजच्या कारभारातून बाजूला झाला. मग लाडेनबुर्ग गावात मुलांबरोबर वेगळा धंदा काढला. १९२६ मध्ये जुनी बेंझ कंपनी आणि डाइमलर कंपनी एक झाल्या आणि मर्सिडीज-बेंझ हे नाव जगभर गेलं. १९२९ मध्ये कार्ल वारला. बर्था त्यानंतर आणखी पंधरा वर्षं जगली.

तिच्या शेवटाबद्दल एक गोष्ट आपण इंजिनिअरिंगवाल्यांनी माहीत करून घ्यायला हवी. ३ मे १९४४ रोजी, तिच्या पंचाण्णवाव्या वाढदिवशी, कार्ल्सरूहच्या तंत्रविद्यापीठाने तिला मानद सिनेटर ही पदवी दिली. नवरा जिथे शिकला ते हेच विद्यापीठ. ती तरुण असताना जिथे तिला बाकावर बसता आलं नसतं, त्या विद्यापीठाने म्हातारपणी तिला आपलं म्हटलं. दोन दिवसांनी, ५ मे १९४४ रोजी, ती लाडेनबुर्गच्या घरी वारली. तिने ज्या वाटेने गाडी नेली ती वाट २००८ पासून तिच्या नावाने ओळखली जाते, आणि तिथे तशा पाट्याही आहेत.

इथे चरित्र संपतं. पण ब्रेकची गोष्ट पुढे चालू राहते, आणि ती सांगितल्याशिवाय हा लेख मेकॅनिकलचा म्हणवणार नाही.

चामड्यानंतर अ‍ॅस्बेस्टॉसचं लायनर आलं. त्याच्या धुळीने फुफ्फुसं जातात हे कळल्यावर अनेक देशांनी ते सोडलं आणि दुसरी मिश्रणं वापरात आली. हाताच्या दांड्याच्या जागी पेडल आलं, तारांच्या जागी ब्रेक ऑइल आलं. मग बूस्टर आला. बूस्टर म्हणजे पेडलच्या पुढे बसवलेला तो काळा गोल डबा. त्याच्या आत एक पडदा असतो. दोन्ही बाजूंना इंजिनाने ओढलेला व्हॅक्यूम. तुम्ही पेडल दाबलं की एका बाजूला बाहेरची हवा शिरते, पडदा ढकलला जातो आणि तुमच्या पायाचा जोर काही पटीने वाढून मास्टर सिलिंडरवर पडतो. १९७८ मध्ये बॉश कंपनीची एबीएस मर्सिडीजच्या एस-क्लास गाडीत आली, आणि जोरात ब्रेक दाबला तरी चाकं लॉक होऊन गाडी घसरणं बंद झालं. आपल्या देशात एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या कारना एबीएस सक्तीची झाली.

आता एवढं सगळं झाल्यावर अडचण कुठे राहिली? राहिली ती पायात.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मर्सिडीजच्या लोकांनी बर्लिनमध्ये ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर साध्या माणसांना बसवलं आणि अचानक समोर संकट आणून बघितलं. तेव्हा असं दिसलं की बहुतेक माणसं पेडलवर पाय झटकन मारतात, पण पुरेसा जोर लावत नाहीत. घाबरतात, अर्धवट दाबतात, आणि मग गाडी थांबत नाही असं दिसल्यावर आणखी दाबतात. तोवर उशीर झालेला असतो. गाडीचा ब्रेक चांगला, टायर चांगले, तरी टक्कर होते.

याचं गणित करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. वेग ताशी ६० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला साधारण १६.७ मीटर. पूर्ण ब्रेक लागला आणि रिटार्डेशन ८ मीटर प्रति सेकंद वर्ग मिळालं, तर गाडी सुमारे १७ मीटरमध्ये थांबते. अर्धाच ब्रेक लागला आणि रिटार्डेशन ४ मिळालं तर ३५ मीटर लागतात. आता पहिली गाडी जिथे पूर्ण थांबली, त्याच जागी दुसरी गाडी किती वेगात असेल? ताशी ४२ किलोमीटर. म्हणजे एक माणूस रस्त्याच्या कडेला वाचला आणि दुसरा उडाला, फरक फक्त पायाच्या जोराचा. पाय ब्रेकवर जाईपर्यंत जो एक सेकंद जातो त्याचे १७ मीटर दोघांनाही वेगळे.

यावर उपाय म्हणून १९९६ मध्ये त्याच कंपनीने आपल्या गाड्यांत ब्रेक असिस्ट आणला. युक्ती अशी. रोजच्या ब्रेकमध्ये पेडल सावकाश खाली जातं. संकटात ते झटक्याने जातं. बूस्टरमध्ये एक सेन्सर बसवला, तो पेडल किती वेगाने गेलं हे मोजतो. ठरलेल्या मर्यादेपेक्षा वेग जास्त झाला की कंट्रोल युनिट समजून घेतं की हा साधा ब्रेक नव्हे. मग एक सोलेनॉइड व्हॉल्व्ह उघडतो, बूस्टरमध्ये हवा पूर्ण शिरते आणि पाय अर्धाच दाबलेला असला तरी ब्रेक पूर्ण लागतो. चाकं लॉक होऊ नयेत हे एबीएस बघते. पाय उचलला की सगळं पूर्ववत. नंतरच्या बऱ्याच गाड्यांत हेच काम स्टॅबिलिटी कंट्रोलच्या पंपाने ऑइलचा दाब वाढवून केलं जातं. म्हणजे काय, तर गाडी तुमच्या पायाच्या जोराकडे न बघता तुमच्या घाईकडे बघते.

त्याच्याही पुढची पायरी म्हणजे आपोआप लागणारा आणीबाणीचा ब्रेक. रडार आणि कॅमेरा समोर बघत राहतात. टक्कर होणार असं दिसलं की आधी इशारा, आणि तरीही पाय हलला नाही तर गाडी स्वतःच ब्रेक लावते. युरोपात जुलै २०२४ पासून सगळ्या नव्या कारमध्ये हे सक्तीचं आहे. आपल्याकडे पुण्याजवळच्या चाकणला बनलेल्या महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० मध्ये २०२१ मध्येच हे आलं होतं.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल की मग आता धारूरच्या घाटाची चिंता मिटली. नाही मिटली. कारण ब्रेक असिस्ट लायनरची पकड वाढवत नाही, फक्त असलेली पकड पूर्ण वापरतो. आणि घाटात मरते ती पकडच. वीस टनांचा ट्रक १०० मीटर उंची सारख्या वेगाने उतरला तर जवळजवळ दोन कोटी ज्यूल उष्णता तयार होते. ३० अंशाचं साधारण ६५ लिटर पाणी उकळायला एवढी उष्णता लागते. होस्टेलच्या गीझरला जे सकाळभर जमत नाही ते इथे काही मिनिटांत होतं, आणि ही सगळी उष्णता ब्रेकनेच झेलायची म्हटलं की लायनर तापून गुळगुळीत होतं, ड्रम फुगतो, पेडल दाबलं तरी गाडी ऐकत नाही. तेव्हा सेन्सर काय करणार?

तिथे बर्थाची दुसरी दुरुस्ती कामाला येते. खालचा गिअर. तिने तो चढण्यासाठी मागितला होता, पण उतरताना तोच गाडीला धरून ठेवतो. इंजिनच ब्रेक होतं आणि लायनर थंड राहतं. आमच्याकडचे जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरने घाट चढायचा त्याच गिअरने उतरायचा. त्यांनी बर्थाचं नावही ऐकलेलं नाही. आणि याच घाटात डिझेल वाचवायचं म्हणून गाडी न्यूट्रलवर सोडणारे, चावी फिरवून इंजिन बंद करणारे महाभागही बघायला मिळतात. मित्रांनो, कारचं इंजिन बंद म्हणजे व्हॅक्यूम बंद. दोन-तीनदा पेडल दाबलं की बूस्टर रिकामा, मग पेडल दगडासारखं. असिस्ट तर लांबच राहिला. सुट्टीत गावी जाल तेव्हा घरातल्या गाडीवाल्याला एवढं एक जरी समजावून सांगितलं तरी हा लेख वसूल.

आणखी एक. रडारवाली गाडी घेणारे घेतील. पण आमच्या घाटात उतरणाऱ्या उसाच्या कित्येक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेकच नसतो. सगळा भार ट्रॅक्टरच्या दोन चाकांवर. उतारावर ट्रॉली ट्रॅक्टरला मागून ढकलते, आणि वर बसलेली माणसं देवाचं नाव घेतात. खरं तर त्या ढकलण्याचाच ब्रेक करता येतो. ट्रॉलीचा दांडा सरकता ठेवला, तर ट्रॅक्टर हळू झाल्याबरोबर ट्रॉली पुढे रेटते, दांडा आत जातो आणि त्याच जोराने ट्रॉलीच्या चाकांचे ब्रेक लागतात. ना सेन्सर, ना कॉम्प्युटर. बाहेरच्या देशांत हलक्या ट्रेलरना असे ब्रेक कैक वर्षांपासून आहेत. उसाच्या वजनाला, आपल्या रस्त्याला आणि आपल्या शेतकऱ्याच्या खिशाला बसेल असा तो कसा करायचा, हा फायनल इयरच्या प्रोजेक्टचा विषय आहे. दरवर्षी तेच तेच पेडल पॉवर्ड वॉशिंग मशीन करण्यापेक्षा बरा. सरांनी मनावर घ्यावं ही विनंती.

बर्था बेंझकडून घ्यायचं ते एवढंच, असं मला वाटतं. कार्लकडे पदवी होती, पेटंट होतं, वर्कशॉप होतं. तिने त्याची गाडी उतारावर नेली, पोरांना शेजारी बसवून नेली, आणि काय कमी आहे ते सांगितलं. ब्रेक असिस्टसुद्धा माणसाला सीटवर बसवून, त्याचा पाय कसा चालतो ते बघितल्यावरच सापडला. कुठलंही डिझाइन करताना ज्याचा जीव त्यावर आहे त्याच्या सीटवर एकदा बसून बघावं. मग ती सीट मर्सिडीजची असो नाहीतर ट्रॅक्टरची.

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल
(मु. धारूर, जि. बीड)